नव्वदीतल्या सिरीयल आज बघायच्या तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या सिरीयलींचा विषय निघाला की मला बोलायला लागतंच, आणि मग सोसायटीतल्या मैत्रिणी, ऑफिसातली नवीन मुलं, घरातली भाचरं सगळी तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं नीट टाईप करून ठेवतेय. तेव्हा बघितलेल्यांसाठी पण, आणि ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता त्यांच्यासाठी तर नक्कीच.

नव्वदीतल्या म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत?

कॅलेंडर बघून नका ठरवू. माझ्या हिशोबात हा काळ १९८८-८९ ला सुरू होतो, वागळे की दुनिया आणि उडान आल्या तेव्हा, आणि ३ जुलै २००० च्या रात्री संपतो, कारण त्या एकाच रात्री स्टार प्लसवर कौन बनेगा करोडपती आणि क्योंकि सास भी कभी बहू थी दोन्ही सुरू झालं आणि त्यानंतर प्राईम टाईमचा चेहराच बदलला. मधल्या दहा-बारा वर्षांत मुंबईत जे झालं ते खूप भराभर झालं. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास बिल्डिंगीबिल्डिंगीतून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, २ ऑक्टोबर १९९२ ला झी आलं, जानेवारी १९९३ ला दूरदर्शनचं मेट्रो चॅनेल, १९९५ ला सोनी, आणि १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, म्हणजे आजचं झी मराठी. त्याआधी आपल्याला मराठी म्हणजे वरळीचं दूरदर्शन एवढंच होतं. ॲन्टेना फिरवायला गच्चीवर एक जण आणि खिडकीतून "आलं, आलं, गेलं" ओरडायला दुसरा, हे दिवस आणि पन्नास चॅनेलचे दिवस एकाच दशकात बघितले आपण.

नॉस्टॅल्जिया सोडला तर आज त्यात बघण्यासारखं काय आहे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

माझं उत्तर एकच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. त्या सिरीयलींमधली माणसं कामाला जायची. नोकरीचा उल्लेख फक्त ओळख करून देण्यापुरता नसायचा, नोकरी हा गोष्टीचा भाग असायचा. वागळे कारकून होता आणि त्याचा अख्खा एपिसोड पगारात न बसणाऱ्या कुठल्यातरी साध्या गोष्टीवर उभा असायचा, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घरात राहायला आल्यावर जे होईल ते. उडानमधली कल्याणी आयपीएस होते आणि तिची धडपड त्या परीक्षेपासून खुर्चीत बसल्यावरच्या दबावापर्यंत दाखवलीय, कारण कविता चौधरी यांनी ती स्वतःच्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून लिहिली होती. आभाळमायाची सुधा कॉलेजात शिकवायची. हम पाँचचे आनंद माथूर दिवसभर राबून घरी यायचे आणि दारातच पाच पोरींची फिर्याद सुरू.

माणूस कामाला जातो म्हटलं की आपोआप बाकी सगळं येतं. पैसे येतात, साहेब येतो, भाडं येतं, वेळेवर न पोचणं येतं, घरातलं कोण काय करणार ही वाटणी येते. आणि हे प्रश्न मुंबईत सुटलेत का? तीस वर्षांत घराच्या किमती कुठच्या कुठे गेल्या पण महिनाअखेरीला डोकं खाजवणारा वागळे प्रत्येक मजल्यावर आहे. म्हणून तर २०२१ ला वागळे की दुनिया नव्याने आली, सुमीत राघवन मुलाच्या रोलमध्ये आणि अंजन श्रीवास्तव, भारती आचरेकर आईवडिलांच्या, आणि ती लोकांनी मनापासून बघितली.

मराठीत कुठली बघू?

तीन सांगते, तिन्ही वेगवेगळ्या कारणांसाठी.

पहिली आभाळमाया. १९९९ ची, अल्फा मराठीवरची. सुकन्या कुलकर्णी सुधा, मनोज जोशी शरद. शिकलेली, कमावती बाई, दोन मुली, संसार व्यवस्थित, आणि नवऱ्याचं बाहेर दुसरं नातं आहे हे कळतं. आता यात नवीन काय असं वाटेल, पण तोपर्यंत अशा गोष्टीत बाई एकतर रडायची नाहीतर सूड घ्यायची. सुधा विचार करते. तेच कितीतरी एपिसोड बघायला मिळतं, की ती नोकरी करतेय, मुलींना वाढवतेय आणि आत कुठेतरी ठरवतेय.

मी तेव्हा फोर्टला नोकरीला होते आणि सकाळच्या लोकलला लेडीज डब्यात आदल्या रात्रीच्या एपिसोडवर जी चर्चा व्हायची ती मला आजही शब्दशः आठवते. एक काकू, ठाण्याला चढायच्या, मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्यात मेथी निवडायच्या आणि मान वर न करता म्हणायच्या, "हाकलून द्यायला हवा होता त्याला पहिल्याच दिवशी." समोरची म्हणायची, "काकू, बोलायला सोप्पंय, घर कोणाच्या नावावर आहे ते बघा आधी." मग घर कोणाच्या नावावर असावं यावरून घाटकोपर ते दादर वाद चालायचा आणि त्यात तीन-चार जणी स्वतःच्या घराबद्दल बोलून जायच्या, सिरीयलचं निमित्त करून. पुढे मग कोणीतरी म्हणायचं की माझ्या पण नावावर नाहीये गं, आणि डबा क्षणभर गप्प व्हायचा. असं बोलायला लावणारं काहीतरी रोज रात्री टीव्हीवर लागत होतं, ही लहान गोष्ट नाहीये.

दुसरी प्रपंच. प्रतिमा कुलकर्णी यांची, तीही अल्फावरची. समुद्राकाठचं घर, एकत्र कुटुंब, सुधीर जोशी आणि प्रेमा साखरदांडे घरातले मोठे, संजय मोने, रसिका जोशी, भरत जाधव अशी सगळी नाटकातली तयार माणसं. घर मोठं आहे, माणसं भरपूर आहेत, प्रत्येकाला आपली जागा हवीय. आज मुंबईत ज्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय त्यांनी ही जरूर बघावी. कारपेट एरिया, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी रक्कम, भाडं यावर मीटिंगा होतात, पण म्हाताऱ्या माणसांना त्या घराचं काय वाटतं हे त्या मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही, ते इथे विचारलंय.

तिसरी दामिनी. दूरदर्शनवर १९९७ ला आली, मराठीतली पहिली रोजची सिरीयल, दुपारची. प्रतीक्षा लोणकर पत्रकार. माझी आजी दुपारची वामकुक्षी सोडून बघायची. एपिसोड भरपूर आहेत आणि मधे मधे लांबलीय हे खरं, पण दुपारच्या वेळी घरात असलेल्या बायकांसाठी भ्रष्टाचार, पेपर, प्रेशर, धमक्या असा विषय कोणीतरी निवडला याचं मला फार कौतुक आहे.

याशिवाय गोट्या, ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवरची, राजदत्त यांचं दिग्दर्शन. लहान मुलं असतील तर ही पहिली. आणि पिंपळपान, मराठी साहित्यातल्या कथा-कादंबऱ्यांवरची.

हिंदीत एवढ्या पत्रकार हिरॉईन का होत्या?

हा प्रश्न माझ्या भाचीने विचारला आणि मला तो फार आवडला. खरंच होत्या. १९९४ ची शांती, मंदिरा बेदी, पत्रकार. आपल्या मराठीतली दामिनी पण पत्रकार. शक्तिमानमधली गीता विश्वास पण रिपोर्टर, आणि गंगाधर त्याच पेपरात फोटोग्राफर! तेव्हा पत्रकार म्हणजे मोठ्या माणसाच्या बंगल्याची बेल वाजवून प्रश्न विचारू शकणारी सामान्य घरातली व्यक्ती, असा लोकांचा विश्वास होता. लेखकाला अशी हिरॉईन सोयीची पडते, कारण ती झोपडीत पण जाऊ शकते आणि मंत्र्याकडे पण.

शांती तर आज बघाच. सिनेमातल्या दोन बड्या लोकांचं चरित्र लिहायचं म्हणून ती त्यांच्या घरात शिरते आणि तिचं खरं कारण असतं तिच्या आईवर झालेला अत्याचार. २०१८ ला मी टू झालं, मोठमोठी नावं बाहेर आली, तेव्हा मला पहिली शांती आठवली. १९९४ ला, दूरदर्शनवर, दुपारच्या वेळी हा विषय रोज चालू होता आणि आयाबाया, आज्या सगळ्या घरी बसून बघत होत्या. अभिनय कुठेकुठे कच्चा आहे, सेट दिसतो सेट म्हणून, पण गोष्टीचा कणा ताठ आहे.

नवऱ्याचं लफडं हाच विषय सारखा सारखा का?

कारण तोपर्यंत त्यावर बाईच्या बाजूने बोललं गेलंच नव्हतं म्हणून. पण सगळ्यांनी सारखं नाही बोललं. साँस मध्ये नीना गुप्ता यांनी लिहिलं, दिग्दर्शन केलं, काम पण केलं आणि बायकोची बाजू धरली. हसरतें मध्ये बरोबर उलटं, तिथे लग्न झालेल्या पुरुषाबरोबर राहणारी बाई मध्यभागी आहे आणि तिला खलनायिका केलेलं नाही. आणि आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट अशी की हसरतें जयवंत दळवींच्या अधांतरी कादंबरीवरून घेतली होती. १९९६ ला झी टीव्हीवर सगळा देश जी धाडसी सिरीयल म्हणून बघत होता ती मुळात आपल्या मराठी लेखकाची गोष्ट. दळवी वाचलेल्यांना त्यात आश्चर्य वाटणार नाही, त्यांनी कधीच कोणाला सोपं करून लिहिलं नाही.

कॉमेडी आज चालते का? का जुनाट वाटते?

काही चालतात, काही नाही. देख भाई देख आजही मस्त चालते. १९९३ ची, तीन पिढ्या एका घरात, शेखर सुमन, नवीन निश्चल, फरीदा जलाल, भावना बलसावर, ६५ एपिसोड. त्यात विनोद माणसांच्या गडबडीतून येतो, कोणाची लाज काढून नाही.

हम पाँच बद्दल मला जास्त बोलायचंय. आनंद माथूरची पहिली बायको वारलीय, भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो आहे आणि तो फोटो बोलतो. फोटोत प्रिया तेंडुलकर. जिने १९८५ ला रजनी सिरीयलमध्ये रजनी होऊन गॅसवाल्यापासून सरकारी ऑफिसापर्यंत सगळ्यांना जाब विचारला तीच आता फ्रेममधून नवऱ्याला टोमणे मारतेय, आणि खाली अशोक सराफ मान वर करून तिच्याशी भांडतायत. तुम्ही फक्त अशोकमामांचे डोळे बघा त्या सीनमध्ये. समोर कोणी नाहीये, एक फ्रेम आहे, आणि तरी ते बायकोशी बोलतायत, अर्धे घाबरलेले, अर्धे तिला मिस करणारे. हे स्टेजवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसालाच जमतं. पाच मुलींपैकी मोठी मीनाक्षी सारखी स्त्रीमुक्तीवर भाषणं देते, तिच्यावर तेव्हा सगळे हसायचे, आज ती जे बोलते त्यातलं निम्मं अगदी साधं वाटतं. आणि हो, चष्मेवाली राधिका काही काळ विद्या बालन होती.

तू तू मैं मैं मध्ये रीमा आणि सुप्रिया यांची टायमिंग बघण्यासाठी बघा. सासू-सुनेचं भांडण आहे पण कोणी कोणाच्या खिरीत विष घालत नाही.

मग खटकतं काय? खरं सांगा.

बरंच काही. श्रीमान श्रीमती मला आवडायची, जतिन कनकिया आणि रीमा लागू दोघंही आता नाहीत म्हणून जीव पण अडकलाय तिच्यात, पण प्रत्येकाला दुसऱ्याची बायको आवडते ही मूळ कल्पनाच आज मुलींबरोबर बसून बघताना जड जाते. जबान संभाल के मध्ये पंकज कपूर अप्रतिम, पण प्रत्येक प्रांताच्या माणसाच्या बोलण्यावर हसायचं हे सारखं सारखं नको वाटतं. हम पाँच मधले पण वयावरचे, दिसण्यावरचे जोक मला आता आवडत नाहीत.

आणि एक मोठी गोष्ट. ही सगळी आडनावं बघा, कुलकर्णी, जोशी, माथूर. त्याच वर्षांत परळ-लालबागच्या गिरण्या एकेक करून बंद होत होत्या, १९८२ च्या संपातून न सावरलेली घरं होती, बाया पोळीभाजी केंद्रं चालवून घर ओढत होत्या, मुलं नाक्यावर उभी होती. त्यांच्यावर सिरीयल कुठेय? १९९२-९३ ची दंगल आणि बॉम्बस्फोट याच शहरात झाले, प्राईम टाईमच्या घरांमध्ये त्याचा मागमूस नसायचा. मुंबईतली माणसं कामाला जाताना दाखवली असं मी वर म्हटलं ते खरंच आहे, पण पांढरपेशा कामाला. बाकीची मुंबई राहून गेली आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सीआयडी तर मीम झालंय, त्यात काय एवढं?

दया, दरवाजा तोड दो वरून हसतात सगळे, हसू देत. पण त्याची मुळं बघा. बी. पी. सिंग मुंबई दूरदर्शनवर होते, तिथे त्यांनी मराठीत एक शून्य शून्य केली, मुंबई पोलिसांच्या तपासांवरची, आणि त्यात शिवाजी साटम होते. बँकेत नोकरी करून नाटकं करणारा माणूस! तीच जोडी २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सीआयडी घेऊन आली. २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ ला परत आली. सुरुवातीच्या वर्षांचे एपिसोड काढून बघा, तिथे खरा तपास आहे, एकेका माणसाकडे जाऊन बसणं, बोलणं, जुळवणं. नंतर नंतर लॅबमधली रंगीत पाणी आणि स्टंट वाढले.

तपासच आवडत असेल तर ब्योमकेश बक्षी. १९९३ ची, बासू चटर्जींची, रजित कपूर. गोष्टी कलकत्त्याच्या, तिथेच राहू दिल्यात, धोतर, ट्राम, मेसमधल्या खोल्या. रक्त नाही, किंचाळणं नाही, माणसाचा स्वभाव ओळखून खुनी सापडतो. मुलांबरोबर बिनधास्त बघा.

फार स्लो वाटतात, काय करू?

एका बैठकीत दहा एपिसोड बघू नका. त्यातल्या बऱ्याचशा आठवड्यातून एकदा बघायला लिहिल्या होत्या. दूरदर्शन तेव्हा सिरीयलला तेरा एपिसोडच्या हिशोबाने मंजुरी द्यायचं, तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा पाव भाग, चाललं तर पुढे सव्वीस, बावन्न. त्यामुळे लेखकाला आधीच माहीत असायचं की आपल्याला कुठे पोचायचंय. आणि मधले सहा दिवस लोक त्यावर बोलायचे. सुरभि सारख्या कार्यक्रमाला, सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे, एका आठवड्यात लाखांनी पत्रं यायची, इतकी की पोस्टाला स्पर्धेसाठी वेगळं, महाग पोस्टकार्ड काढावं लागलं. बघणं आणि विचार करणं यात अंतर होतं. रात्री जेवताना एकच लावा, आठवडाभर तीच चालू ठेवा, चौथ्या-पाचव्या एपिसोडला वेग अंगवळणी पडतो.

आता अशा का बनवत नाहीत?

बनवू शकतात, माणसं तीच आहेत. पण रोज एक एपिसोड, दर आठवड्याला टीआरपी, आणि गोष्ट कधी संपणार हे कोणालाच माहीत नाही, यात लेखकाचा जीव जातो. तेव्हाचे नट दुपारी गोरेगावला शूटिंग आणि रात्री शिवाजी मंदिर नाहीतर पार्ल्याला दीनानाथला प्रयोग असं करायचे. त्यामुळे वाक्य कसं पोचवायचं ते त्यांना ठाऊक होतं, पाच वेळा क्लोजअप आणि ढगांचा गडगडाट लागत नसे. आजही काही मराठी सिरीयलींमध्ये चांगलं लिखाण दिसतं, पण शंभराव्या एपिसोडनंतर ताणलं जातं आणि प्रेक्षकाला ते कळतं.

टायटल साँग का एवढी लक्षात राहिलीत?

अशोक पत्की. गोट्याचं बीज अंकुरे त्यांचं आणि आभाळमायाचं देवकी पंडितांनी गायलेलं पण त्यांचंच. जिंगल्स करून करून थोडक्यात जीव कसा ओतायचा हे त्यांच्या हातात बसलं होतं. स्किप इंट्रो दाबू नका प्लीज.

कुठे बघायला मिळतात?

दूरदर्शनच्या बऱ्याच जुन्या गोष्टी प्रसार भारतीच्या यूट्यूब चॅनेलवर आणि त्यांच्या वेव्हज ॲपवर आहेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ब्योमकेश, देख भाई देख, श्रीमान श्रीमती, शक्तिमान परत दाखवल्या होत्या, आणि जुन्या सिरीयलींसाठी डीडी रेट्रो चॅनेलच काढलं होतं. हम पाँच झी५ वर, सीआयडी सोनी लिव्हवर. काहींची प्रिंट धुरकट आहे, आवाज खालीवर होतो, हेडफोन लावा.

एकच बघायची तर कुठली?

कोणाबरोबर बघताय त्यावर आहे. सासूबाई किंवा आई घरात असतील तर आभाळमाया, आणि एपिसोड संपल्यावर लगेच उठू नका, त्यांना बोलू द्या, तेव्हा त्यांना काय वाटलं होतं ते विचारा. मुलं दहाच्या आतली असतील तर गोट्या. नवराबायको दोघंच आहात आणि दिवसभराने दमलायत तर हम पाँच. बिल्डिंगचा ॲग्रीमेंट आलाय आणि घरात दोन पिढ्यांचं पटत नाहीये तर प्रपंच, सगळ्यांनी एकत्र, सही करायच्या आधी.